अंतर तेच, वेळ निराळी

मुंबईच्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचं अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हाताशी असले की गोलीय त्रिकोणमितीच्या एका सूत्रात हे गणित सुटतं आणि कोणीही, केव्हाही केलं तरी उत्तर तेच येतं. ‘मग तास किती लागतात?’ हा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा. जाताना एक उत्तर, येताना दुसरं. जानेवारीत एक, जुलैत दुसरं. वाटेतल्या एखाद्या देशाशी बिनसलं की तिसरंच. विमानतळावर पोचवायला आलेली मंडळी हा प्रश्न सहज विचारतात, प्रवासीही तिकिटावरचा आकडा सहज सांगून टाकतो, आणि सगळ्यांना वाटतं की अंतराला वेगाने भागलं की वेळ निघत असणार. तसं होत नाही. का होत नाही, हे या पुस्तकाने सांगायला घेतलं आहे.

आधी अंतराबद्दल, कारण तिथेही पहिल्या पावलालाच फसगत आहे. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले, तर रेघ अरबी समुद्र ओलांडून अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक अशी जाते. होकायंत्राची दिशा न बदलता या रेघेवरून गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईतून पश्चिमेला जातच नाही, उत्तरेला झुकतो. काठेवाड, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि उझबेकिस्तानचा सीमाभाग, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या आग्नेयेचा रशिया, फिनलंड, स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. यालाच बृहद्वृत्त म्हणतात. नकाशावर ते वाकडं दिसतं, पण सतराशे किलोमीटर वाचवतं. दोष नकाशाचाही नाही. मर्केटरने १५६९ साली तो खलाशांसाठी काढला होता. दिशा एकच धरून जाता यावं, एवढीच त्याची प्रतिज्ञा होती. आपण तो शाळाशाळांत टांगला आणि तेच पृथ्वीचं रूप समजून बसलो.

गोलावरच्या अंतराचा आणि दिशेचा विचार विमानाच्या कित्येक शतकं आधी सुरू झाला. गझनीहून मक्केची दिशा नेमकी कोणती, हे काढण्यासाठी अकराव्या शतकात अल्-बिरुनीने जे गणित मांडलं, ते मुळात याच दोऱ्याचं गणित आहे. पृथ्वीची त्रिज्या मोजण्याची त्याची युक्ती पंजाबातल्या नंदना किल्ल्याशी जोडलेली आहे. पोर्तुगालच्या पेद्रो नुनेशने १५३७ साली दाखवून दिलं की एकाच दिशेने चालत राहणं आणि सर्वांत जवळच्या वाटेने जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांशी किंचित चपटी आहे, हे कळल्यावर किती चपटी याचा शोध लागला. त्यात हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. १८०२ साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी लॅम्टनने सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पुढे एव्हरेस्टच्या नावाचा पृथ्वीगोलाचा आराखडा निघाला आणि आपल्याकडचे नकाशे दीर्घकाळ त्यावरच उभे होते. बेसेलने १८२५ साली चपट्या गोलावरच्या वाटांचं गणित मांडलं, विन्सेंटीने १९७५ साली ते संगणकाला पेलेल असं केलं, कार्नीने २०१३ साली त्यातल्या उरल्यासुरल्या अडचणी काढल्या. पृथ्वी अगदी गोल धरली तर चूक फार तर अर्ध्या टक्क्यापर्यंत जाते. प्रवाशाच्या दृष्टीने हा विषय इथे संपला.

या भूमितीवाल्यांना या क्षेत्रातलं पहिलं घराणं म्हणता येईल. त्यांचं काम इतकं पक्कं आहे की बाकीच्यांकडे ते जरा वरूनच पाहतात. पण आकाशात त्यांची रेघ जशीच्या तशी उडायला मिळणं हा अपवाद असतो.

आता वेळेचा इतिहास. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून निघाले, पेट्रोलसाठी अहमदाबादला उतरले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला पोचले. आज हा टप्पा जेट विमानाला दीड तासाचाही नाही. पण कराची-मुंबई थेट विमान मिळणार नाही, ती गोष्ट वेगळी. ८ जून १९४८ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत १० जूनला लंडनला उतरलं. १९६०च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. आणि १ ऑगस्ट २००७ पासून मुंबई-न्यूयॉर्क वाटेत न थांबता सुरू झालं.

ही यादी प्रगतीची सरळ चढण वाटते, पण तिच्यात एक गंमत दडलेली आहे. बोइंग ७०७ ज्या वेगाने उडायचं, साधारण त्याच वेगाने आजचं विमान उडतं, ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. साठ वर्षांत वेग वाढलाच नाही. कॉन्कॉर्डने तो वाढवून दाखवला आणि २००३ साली ते कायमचं जमिनीवर आलं. ध्वनीच्या वेगाच्या अगदी जवळ जाणाऱ्या विमानाची बोइंगची योजना त्याच्याही आधी, २००२ साली, गुंडाळली गेली. मुंबईहून अमेरिकेला लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईचे जे तास वाचले, ते विमान जोरात पळाल्यामुळे नव्हे, तर वाटेतली उतरणी गाळल्यामुळे. इंजिनं कमी इंधन पिऊ लागली, पंखांत जास्त इंधन मावू लागलं, आणि लंडन किंवा फ्रँकफर्टचे दोन-तीन तास गळाले. वेगाचं युग म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते खरं तर पल्ल्याचं युग आहे.

दुसरं घराणं वाऱ्याचं. माझं झुकतं माप याच घराण्याला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जपानमध्ये तातेनोच्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी १९२०च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेचा वेध घेत होते. हिवाळ्यात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून येणारा वाऱ्याचा प्रचंड झोत त्यांना सापडला. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतोत प्रसिद्ध केला. परिणामी तो जगात जवळपास कोणीच वाचला नाही. १९४४च्या अखेरीला अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर उंचावरून बॉम्ब टाकायला गेली, तेव्हा त्यांची याच झोताशी गाठ पडली आणि त्यांचे नेम भलतीकडेच जाऊ लागले. युद्धानंतर हाच वारा कामाला लावला गेला. १९५२ साली पॅन अमेरिकनच्या विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना हा झोत, म्हणजेच जेट प्रवाह, पकडला आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आणला. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपात वादळ घोंगावत असताना ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. तीच वाट उलट दिशेने जाणाऱ्या विमानांना त्या दिवसांत काय सोसावं लागलं असेल, त्याचे मथळे झाले नाहीत.

वाऱ्याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. १२,५३० किलोमीटर, वेग ताशी ९००, वारा अजिबात नाही: १३ तास ५५ मिनिटं. आता सरासरी ८० किलोमीटरचा वारा समोरून धरा: १५ तास १७ मिनिटं. तोच परतीला पाठीशी घ्या: १२ तास ४७ मिनिटं. एकाच वाटेवर अडीच तासांची तफावत. आणि फेरीची बेरीज केली, तर वारा नसताना जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा जवळपास पाव तास जास्तच निघतो. जाताना बसलेला फटका येताना पुरता भरून निघत नाही, कारण समोरचा वारा जास्त वेळ सोसावा लागतो आणि पाठीचा कमी वेळ मिळतो.

त्यामुळे सर्वांत जवळची वाट आणि सर्वांत लवकरची वाट यांची फारकत होते. वारा दिलेला असताना कमीत कमी वेळात कसं पोचायचं, हा प्रश्न जर्मन गणिती झेर्मेलोने १९३१ साली मांडला, आणि आज प्रत्येक विमान कंपनीच्या फ्लाइट प्लॅनच्या पोटात तो रोज नव्याने सोडवला जातो. उत्तर अटलांटिकवरच्या वाटा तर रोज आखल्या जातात. युरोपकडून पश्चिमेला जाणाऱ्या वेगळ्या, अमेरिकेकडून पूर्वेला येणाऱ्या वेगळ्या. वारा हलला की वाटही हलते.

इथे एका जुन्या शंकेचं निरसन करणं भाग आहे, कारण व्याख्यानानंतर ती कोणी ना कोणी विचारतंच. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग मुंबईहून पश्चिमेला निघालेलं विमान नुसतं हवेत थांबलं तरी अमेरिका खाली यायला नको का? नाही येणार, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत आहे. तरीही शंका अगदीच वेडगळ नाही. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाणारी हवा पूर्वेकडे वळते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळेच, आणि जेट प्रवाहाचं मूळ तिथेच आहे. पृथ्वीचं फिरणं प्रवासाच्या वेळेत शिरतं खरं, पण या आडवाटेने, आणि अमेरिकेला जाणाऱ्याच्या नेमकं विरुद्ध.

तिसरं घराणं नियम आणि पैसा सांभाळणाऱ्यांचं. त्यात वैमानिकाइतकाच महत्त्वाचा माणूस म्हणजे जमिनीवर बसलेला डिस्पॅचर. एक इंजिन बंद पडलं तर किती मिनिटांत उतरायला जागा मिळाली पाहिजे, हे त्याला आधी पाहावं लागतं. दोन इंजिनांच्या विमानांसाठी ही मर्यादा एके काळी ६० मिनिटांची होती, त्यामुळे महासागर ओलांडायला तीन-चार इंजिनं लागत. १९८५ पासून ती १२० मिनिटांवर आणि पुढे बरीच वर गेली. एअरबस ए-३५०ला ३७० मिनिटांपर्यंत मुभा आहे. इंधनाचं गणित आणखी विचित्र. बोइंग ७७७-२००एलआरच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावतं. शेवटच्या तासांत जाळायचं इंधन पहिले बारा-तेरा तास नुसतं वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं. म्हणून विमान सुरुवातीलाच फार उंच जाऊ शकत नाही. हलकं होत जातं तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. अतिलांब पल्ल्यात मध्ये एकदा उतरून इंधन भरणं कधी कधी किफायतशीर ठरतं ते यामुळेच. सिंगापूर-न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किलोमीटरचं उड्डाण आज जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांत पहिलं आहे. ही सेवा २००४ साली चार इंजिनांच्या विमानाने नेवार्कपर्यंत सुरू झाली, २०१३ साली थांबली आणि दोन इंजिनांचं काटकसरी विमान आल्यावर २०१८ साली पुन्हा सुरू झाली. अंतर होतं तेच होतं, बदलला तो दर किलोमीटरचा खर्च.

वेळापत्रकात छापलेले तास तर हवेतले नसतातच. चाकाखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. रांगेत उभं राहण्याची मिनिटं त्या आकड्यात आधीच मिसळलेली असतात, वर थोडा राखीव वेळही. ‘विमान वीस मिनिटं लवकर आलं’ या घोषणेला टाळ्या वाजवण्यापूर्वी हे आठवावं.

आणि चौथं घराणं राजकारणाचं. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोला झालेल्या कराराने ठरलं की प्रत्येक देशाची आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण सत्ता राहील. दुसऱ्याच्या आकाशातून नुसतं जाऊ देण्याचा करार वेगळा झाला आणि रशिया-चीनसारखे अवाढव्य देश त्यात नाहीत. शीतयुद्धाच्या काळात युरोपातून टोकियोला जाणाऱ्यांना सोव्हिएत आकाश बंद होतं, म्हणून स्कँडिनेव्हियन कंपनीने १९५७ साली कोपनहेगन-अँकरेज-टोकियो अशी ध्रुवावरची वाट काढली. अलास्कातल्या अँकरेजचं भाग्य त्या काळी उजळलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सायबेरियाचं आकाश खुलं झालं आणि हेलसिंकीने ‘आशियाचं सर्वांत जवळचं युरोपीय दार’ म्हणून आपला जम बसवला. २०२२च्या युक्रेन युद्धानंतर ते दार एका रात्रीत लांब गेलं. फिनएअरचं टोकियोचं उड्डाण नऊ-साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात पोचलं, आणि साठ वर्षांपूर्वीची ध्रुवावरची वाट पुन्हा झटकून वापरात आणावी लागली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क-मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली ही उड्डाणं थांबवली. भारतीय कंपन्यांना रशियाचं आकाश खुलंच राहिलं. त्यांचा फायदा झाला, पण जोखीमही आली: जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगादानला उतरलं आणि २१६ प्रवासी तिथे अडकले.

आपल्या शेजाऱ्याचं आकाश हा तर या विषयाचा सर्वांत जवळचा धडा. २०१९ साली बालाकोटनंतर पाकिस्तानने ते जवळपास पाच महिने बंद ठेवलं. एअर इंडियाचं जुलैच्या सुरुवातीपर्यंतचं नुकसान ४९१ कोटी रुपये असल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. पहलगामनंतर, २४ एप्रिल २०२५ पासून, ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. इंडिगोची दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबली, कारण वळसा घालून तिथे पोचणं त्यांच्या छोट्या विमानांच्या आवाक्यात नव्हतं. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला थेट जाणारी विमानं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. म्हणजे १९४८ची उतरणी परत आली. मुंबईला हा फटका तुलनेने कमी बसतो, कारण मुंबईचं विमान समुद्रावर जाऊन ओमानच्या रोखाने वळू शकतं. दिल्लीच्या पुढ्यात पाकिस्तानच उभा आहे. नकाशावर हजार-बाराशे किलोमीटरच्या अंतरावर असलेली ही दोन शहरं आकाशाच्या हिशेबात इतकी वेगळी असतील, हे या पुस्तकातलं दिल्लीचं प्रकरण वाचेपर्यंत माझ्याही नीट ध्यानात आलं नव्हतं.

चारही घराणी एकाच वाटेवर कशी भेटतात, ते एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाणात दिसतं. डिसेंबर २०१५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा विमान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेला जायचं. पल्ला सुमारे १३,९०० किलोमीटर, वारा समोरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने तोंड फिरवलं आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. पल्ला सुमारे १५,३०० किलोमीटर झाला, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, पण वारा पाठीशी आला आणि दोनेक तास वाचले. परतताना विमान अटलांटिकवरून यायचं, म्हणजे एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी. भूमितीने सांगितलेली वाट यांपैकी एकही नाही. ती दोन्हींपेक्षा हजारहून अधिक किलोमीटरने जवळची आहे.

शरीराबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर इतरत्र पुष्कळ लिहिलं जातं. क्वांटासने २०१९ साली न्यूयॉर्कहून सिडनीला १९ तास १६ मिनिटांचं चाचणी-उड्डाण केलं, त्यात प्रवाशांची झोप, हालचाल, जेवणाच्या वेळा आणि वैमानिकांचा जागेपणा तपासला गेला. यंत्राची मर्यादा मागे सरकली की माणसाची पुढे येते, एवढंच त्यातून मी घेतलं.

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. पण त्यांतला प्रवासी बहुधा विमानात चढतो, दोन ओळींत झोपतो आणि तिसऱ्या ओळीत परदेशी उतरतो. मधले पंधरा तास कोणाचेच नसतात. या पुस्तकाने ते तास ताब्यात घेतले आहेत. लेखकांमध्ये निवृत्त वैमानिक आहे, डिस्पॅचर आहे, हवामानाची अभ्यासक आहे, भूगोलाची शिक्षिका आहे. प्रत्येकाने एकेक वाट घेतली आहे आणि तिच्यावरून आपल्या घराण्याची बाजू मांडली आहे. त्यांचं आपसात एकमत नाही. वैमानिकाला न थांबता जाणं ही सरळ प्रगती वाटते. हवामानाची अभ्यासक विचारते की वाढत्या तापमानाबरोबर जेट प्रवाह बदलत असताना, आणि वळशांमुळे जास्त इंधन जळत असताना, मध्ये एकदा उतरणं इतकं वाईट आहे का? संपादकांनी हा वाद मिटवलेला नाही, हे मला आवडलं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. कैरोला उतरणारी मलबार प्रिन्सेस मला मागासलेली वाटत नाही.

पुस्तकात एक उणीव आहे. मालवाहू विमानं जवळपास गैरहजर आहेत, आणि लांब पल्ल्याचं बरंचसं अर्थकारण त्यांच्यात आहे. पुढच्या आवृत्तीत ते यावं.

वाचताना जवळ पृथ्वीगोल ठेवावा. पुस्तकातले नकाशे चांगले आहेत, पण सपाट आहेत. अंतरं सगळीकडे किलोमीटरमध्ये दिली आहेत. वैमानिकाच्या प्रकरणात मात्र नॉटिकल मैल तसेच ठेवले आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, बृहद्वृत्तावरचं साधारण एक मिनिट. वाऱ्याचं प्रकरण पुस्तकात तिसरं आहे. ज्यांना त्रिकोणमितीची धास्ती वाटते, त्यांनी पहिली दोन खुशाल मागे ठेवून तिथूनच सुरुवात करावी.